तीन तारखेची काच

१

गल्लीतली पोरं त्यांना काचकाका म्हणायची आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही म्हणू लागली होती. नावात चूक काही नव्हती. बांधकाम खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली आणि त्यातली निम्मी भिंतींवर काचा चिकटवण्यात गेली. भिंतीला तडा गेला की त्यावर आडवी, बोटभर रुंदीची पातळ काचपट्टी ठेवायची, तिची दोन्ही टोकं पीओपीच्या लगद्यानं भिंतीला पक्की करायची आणि वर लाल रंगानं तारीख घालायची. भिंत गप्प असली तर काच शाबूत राहते. तडा केसभर जरी रुंदावला तरी काच तुटते. माणसं खोटं बोलतील, यंत्रं बिघडतील, पण काचेला कुणी फितवू शकत नाही, असं काका नव्या इंजिनियरांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

गेले तीन महिने त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जमीन हलत होती. दणकून असा धक्का एकदाच बसला होता, पण बारीकसारीक रोज चार-पाच. टीव्हीवर एक तज्ज्ञ सांगायचे की लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातो, घाबरू नका. दुसऱ्या वाहिनीवरचे सांगायचे की ही मोठ्या धक्क्याची नांदी आहे, सावध राहा. लोक दोघांचंही ऐकायचे आणि पायात चपला घालूनच झोपायचे. चौकट वाकली तर दार अडकतं म्हणून कुणी कडी लावेनासं झालं होतं. घरोघरी खिडकीत दोऱ्यानं एक चमचा टांगलेला, त्याच्याशेजारी रिकामा पेला. चमचा पेल्यावर वाजला की सगळ्यांनी जिन्याकडे पळायचं.

मंगळवारी ताईच्या इमारतीची पाळी असे. तीन मजली जुनी इमारत, तळाला शिंप्याचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर काकांची थोरली बहीण एकटी. इमारतीच्या मधोमध एक जाड भिंत खालपासून वरपर्यंत गेली होती आणि सगळा भार तिच्यावर होता. त्या भिंतीवरची एक जरी काच तुटली तरी इमारत त्याच दिवशी रिकामी करायची, असा खात्याचा नियम होता.

त्या मंगळवारी काकांनी शिंप्याकडची काच बघितली, पहिल्या मजल्यावरची बघितली. दोन्ही शाबूत होत्या, पण धुळीनं पार मळल्या होत्या. मग ते वर ताईकडे गेले. तिथली काच लख्ख होती. नुकती पुसल्यासारखी. काकांनी सहज टोकावरच्या प्लास्टरला अंगठा लावला आणि अंगठा पांढरा झाला.

प्लास्टर ओलं होतं. अर्ध्या तासात दगड होणारी ती वस्तू, आणि ही काच लावून सहा आठवडे झाले होते.

२

सहा आठवडे झाले हे फक्त काकांना ठाऊक होतं. काचेवर तारीख वेगळीच होती.

झालं होतं असं. तीन तारखेला त्यांनी तळापासून गच्चीपर्यंत साऱ्या इमारतीत काचा लावल्या. एकोणीस तारखेला दुपारी तो दणकून धक्का बसला. काका धावतपळत आले. शिंप्याची काच धड, पहिल्या मजल्यावरची धड. ताईच्या खोलीतल्या काचेचे मात्र मधोमध दोन तुकडे झाले होते. तिच्याच खाली खुर्चीत ताई मांडीवर परात घेऊन मटार सोलत बसली होती. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती चार पायांचा लोखंडी घोडा पुढे सरकवत कशीबशी चालायची. काकांनी तिला बघितलं, काचेला बघितलं आणि खिशातून वही काढली.

"धाकट्या," ताई म्हणाली, "ते लिहू नकोस."

"ताई, अगं नियम आहे."

"मैदानावरच्या तंबूत नेतील मला. संडास कुठे आहे बघितलास ना? तीनशे पावलं, चिखलातून. लोकांच्या देखत सरपटत जाऊ का मी?" तिचे डोळे भरले नाहीत, उलट तिला रागच आला होता. "आईमागं तुझं शेंबडं नाक मी पुसलं. तुझ्याकडे आजवर काही मागितलं का?"

नव्हतं मागितलं, तीच तर पंचाईत होती. काकांना आई आठवतच नव्हती. आई म्हटलं की त्यांना ताईचाच हात आठवायचा. त्यांनी मुकाट्यानं तुकडे काढून रुमालात बांधले, नवी काच लावली आणि तिच्यावर लाल रंगानं लिहिलं, तीन तारीख. वहीत लिहिलं, काच शाबूत. एकतीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं ते पहिलं खोटं. जिना उतरताना त्यांना वाटलं, पुन्हा जमीन हलतेय की काय.

३

रात्रभर काकांनी स्वतःची समजूत घातली. भिंतीत ओल असेल. पलीकडे शेजाऱ्यांचं न्हाणीघर असेल. पीओपीची ती पिशवीच खराब निघाली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा गेले. भिंतीपलीकडे न्हाणीघर नव्हतं, कोरडीठाक अडगळीची खोली होती. भिंतीला तळवा लावला तर ती खडखडीत सुकलेली. पिशवी म्हणावी तर त्याच पिशवीतलं प्लास्टर त्यांनी नंतर वीस घरांत लावलं होतं आणि सगळीकडे ते दगड झालं होतं. इथे मात्र लाल आकड्यालाही बोट लावलं तर बोट रंगत होतं.

"काय चिवडतोयस तिथे?" ताईनं विचारलं. "बरं झालं आलास. चहा ठेवते."

"तू बस. मी ठेवतो."

ती मटार सोलत होती. काकांनी चहा केला, दोघं प्यायले आणि ते खाली उतरले.

ते शिंप्याच्या दुकानाशी पोचले असतील नसतील, तोच धक्का बसला. कात्री टेबलावरून खाली पडली, शिलाई मशीन आपणहून दोन टाके चालल्यासारखं खडखडलं. शिंपी गळ्यात मापाची फीत घेऊनच बाहेर पळाला. सारी गल्ली रस्त्यावर आली.

"साडेतीन रिश्टर!" कुणीतरी ओरडलं.

"छे, चार तरी असेल," शिंपी म्हणाला. "मला आता ढुंगणाखालच्या स्टुलावरून अचूक कळतं. त्या टीव्हीवाल्यांनी मलाच नोकरीला ठेवावं."

लोक हसले. काका मात्र दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. दार उघडंच होतं. ताई खुर्चीत होती.

"लागलं नाही ना? घाबरलीस का?"

"कशाला घाबरू?"

"अगं, केवढा हलला!"

"कुठे काय?" ताई म्हणाली. "मला तर काही जाणवलं नाही."

काकांनी खिडकीकडे बघितलं. खाली शिंप्याच्या खिडकीतला चमचा अजून पेल्यावर किणकिणत होता, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. ताईच्या खिडकीतला चमचा दोऱ्याला सरळ लोंबत होता. परातीच्या कडेला मटाराचा एक दाणा होता. फुंकर मारली तरी गडगडेल असा. तो तिथेच होता.

मग त्यांच्या ध्यानात आलं की परात अर्धी भरलेली आहे. काल मंगळवारीही ती एवढीच होती. त्याच्या आदल्या मंगळवारी? आणि त्याच्या आदल्या? काकांनी आठवून पाहिलं. तेव्हाही एवढीच.

"ताई, हे मटार कधीचे गं?"

"सकाळचे," ती म्हणाली. "एवढे सोलून होतील आता."

४

माणूस चिकित्सक असला की त्याला गप्प बसवत नाही. गुरुवारी काकांनी दांडी मारली आणि सकाळी नऊपासून ताईच्या खोलीत ठाण मांडलं. टेबलावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवली, हातात घड्याळ घेतलं आणि खिडकीशी बसले.

अकरा वाजून दहा मिनिटांनी समोरचा विजेचा खांब डुलला. तारा वरखाली झाल्या. माणसं घराघरांतून बाहेर पडली, एक बाई मांडी घालून रस्त्यातच बसली. त्यांची तोंडं उघडी दिसत होती. काकांनी वाटीकडे बघितलं. पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. पायाखालची फरशी निवांत होती. बाहेरचा आरडाओरडाही आत येईपर्यंत पातळ झाला होता.

आवाज फक्त एकच होता आणि तो काचेच्या मागून येत होता. काकांनी कान भिंतीला लावला. आत काहीतरी घासत होतं. झोपेत कुणी दात खावेत तसं. रस्त्यावरचा खांब थांबला तेव्हा तेही थांबलं, पण थांबण्याआधी काहीतरी जड खाली बसल्यासारखा एक हलका ठोका आला. आधीच्या ढिगावर आणखी एक.

काकांनी वहीतले धक्के मोजले. एकोणीस तारखेपासून एकशे ब्याण्णव. ह्या खोलीनं त्यातला एकही सोसला नव्हता. मग ते गेले कुठे? काका म्हणजे पंधरा वर्षं भिंती वाचणारा माणूस. भार नाहीसा होत नाही, तो कुठेतरी बसतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते ताईकडे बघत राहिले. ती शेंग उकलून दाणे परातीत टाकत होती आणि परात भरत नव्हती.

"असा काय बघतोस?" ती म्हणाली. "बरं झालं आलास. चहा ठेवते."

सकाळपासून हे तिनं तिसऱ्यांदा म्हटलं होतं. काका न्हाणीघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले.

५

शुक्रवारी दुपारी शिंप्याकडची काच तुटली. इंजिनियर मॅडम जीप घेऊन आल्या. तिशीच्या आत-बाहेरची बाई, पण कामात खमकी. त्यांनी तुकड्यांवर एक नजर टाकली आणि हुकूम सोडला. पाच वाजेपर्यंत इमारत रिकामी.

भांडीकुंडी, गाद्या, पेट्या जिन्यावरून उतरू लागल्या. मॅडमनी वर जाऊन सगळ्या काचा स्वतः तपासल्या आणि खाली आल्यावर म्हणाल्या, "काका, कमाल आहे. पहिल्या मजल्यावरची तुटली, गच्चीतली तुटली. तुमच्या बहिणीच्या खोलीतली तेवढी शाबूत. तीन तारखेची! नवीकोरी वाटते."

"मॅडम," काका म्हणाले. "ती तीन तारखेची नाही. तिथली काच एकोणीसलाच तुटली होती. मी बदलली. तारीख खोटी घातली."

मॅडम वळून काकांकडे बघू लागल्या. काकांना वाटलं, आता ही बाई आपल्याला चारचौघांत फाडून खाणार, आणि त्यांना ते हवंच होतं. कुणीतरी आपल्याला बोल लावावा म्हणून ते सहा आठवडे झुरत होते.

"तुम्ही?" मॅडम एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी घड्याळात बघितलं. "ते नंतर बघू, काका. आता काय फरक पडतो? सगळे बाहेर निघतायत ना. बहिणीला घेऊन या."

काय फरक पडतो! काकांना ते वाक्य लागलं. कबुली दिली की ओझं उतरतं म्हणतात. त्यांचं तसूभरही उतरलं नाही.

६

ताई ह्या वेळी हटून बसली नाही. उलट म्हणाली, "नियम आहे तर जायला हवं. परात घे बरोबर." शिंपी मदतीला आला. ताईला खुर्चीसकट उचलायचं ठरलं. शिंप्यानं पुढचे पाय धरले आणि तोंड ताईकडे ठेवून तो एकेक पाऊल मागे सरकू लागला. काकांनी पाठ धरली.

"शिंपीदादा, पाडशील हो मला," ताई म्हणाली.

"आजवर तुमचा एक ब्लाउज तरी बिघडवला का? मग तुम्हाला कसा पाडीन?"

ती हसली. हसतच तिची खुर्ची उंबऱ्याबाहेर आली.

आधी काकांना वाटलं की शिंप्याचे हात थरथरतायत. मग वाटलं आपले. खुर्ची हलत होती. एकदा हलली, थांबली. पुन्हा हलली, थांबली. जिन्यातला दिवा स्थिर होता, कठडा स्थिर होता. परातीतले दाणे नाचत खाली सांडले. धक्के एकामागून एक येत होते, रांगेत उभं राहून आपली पाळी येताच आत शिरावं तसे, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा घाईनं. ते खुर्चीतून येत नव्हते. ते ताईतून येत होते.

"धाकट्या," ती म्हणाली, "हललं रे."

मग तिच्या केसांतून धूळ गळू लागली. चुन्याची, विटेची, जाडसर. मूठमूठभर. काकांना मागून फक्त तिचं डोकं दिसत होतं. शिंप्याला समोरून तोंड दिसत होतं. शिंप्याचा रंग उतरला.

"आत घ्या!" काका ओरडले. "आत घ्या, आत!"

त्यांनी खुर्ची मागे खेचली. शिंप्यानं कधीच हात सोडले होते. मागचे पाय उंबऱ्याच्या आत आले, मग पुढचे, आणि सारं थांबलं. काकांनी समोर येऊन तिचा चेहरा बाहीनं पुसला. पांढऱ्या धुळीखाली कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ दिसली. त्यांनी आणखी पुसलं नाही.

"बरं झालं आलास," ताई म्हणाली. तिच्या मांडीवर परात होती, अर्धी भरलेली. "चहा ठेवते."

बाहेर जिन्यात शिंप्याची पावलं धडधडत खाली गेली.

७

काका काचेसमोर उभे राहिले. त्यांच्या हातात पत्र्याची पातळ पट्टी होती, काचा खरवडून काढायची. एक टिचकी मारली की पुरे. खरं काय ते बाहेर येईल, आणि एकदा बाहेर आलं की संपेल. खऱ्याची आयुष्यभर चाड धरलेल्या माणसाला हे जड का जावं? पण खरं काय ते त्यांना आता कळून चुकलं होतं. एकोणीस तारखेला धावतपळत ह्या खोलीत येऊन त्यांनी आधी बहिणीला बघितलं होतं, मग काचेला. त्या क्षणी काचेशिवाय आणखी काय तुटलेलं बघितलं, ते त्यांनी आताही स्वतःला आठवू दिलं नाही. पट्टी त्यांनी खिशात परत ठेवली. माझ्यानं नाही होणार, ते मोठ्यानं म्हणाले.

"काय नाही होणार?" ताईनं विचारलं.

"काही नाही गं."

खालून मॅडमची हाक आली. "काका! पाच वाजले! सगळे आले, तुम्हीच राहिलात!"

काका खिडकीशी गेले. खाली गाद्या-पेट्यांच्या गराड्यात शेजारी उभे होते. शिंपी समोरच्या भिंतीला टेकून बसला होता, वर बघायला तयार नव्हता. "आलोच!" काका म्हणाले. ताईला सोडून आपल्याला जाता येईल का, असं त्यांनी स्वतःला एकदा विचारलं. शेंबडं नाक पुसणारा तो हात त्यांनी बघितला. तो शेंग उकलत होता. मग त्यांनीच चहा केला, ते तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तो बशीत ओतला.

खिडकीतून बाहेरचा खांब दिसत होता. तो डुलला. मग आडवा झाला. तारा तुटून पडल्या. माणसं एकमेकांवर कोसळली. मॅडमनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. खूप वेळ चाललं ते, आजवरच्या कुठल्याही धक्क्यापेक्षा जास्त वेळ. काकांनी बशीकडे बघितलं. चहावर तरंगही नव्हता.

खिडकीबाहेर पांढरी धूळ वर चढत आली, खिडकी भरून गेली आणि हळूहळू विरली.

काका उठून बघायला गेले. सगळी माणसं तिथेच होती, जिवंत होती. पण वर कुणीच बघत नव्हतं. सगळे खाली बघत होते, खिडकीच्या थेट खाली, जिथे शिंप्याचं दुकान असायला हवं होतं. शिंपी गुडघ्यांवर बसून हातांनी काहीतरी उपसत होता. मॅडम वाकून जमिनीशी तोंड नेऊन ओरडत होत्या. ओठांवरून कळत होतं. काका, काका.

"अहो, मी इथे आहे!" काकांनी हाक मारली. "मॅडम! इकडे वर!"

मॅडमनी हात उंच केला. सगळे एकदम गप्प झाले. ढिगाऱ्याखालून कुणाचा आवाज येतो का, हे ऐकायला असंच गप्प व्हायचं असतं, हे काकांनीच त्यांना शिकवलं होतं. ते सगळे कान देऊन ऐकत होते. काका घसा फुटेपर्यंत ओरडले. थोड्या वेळानं मॅडमनी मान हलवली आणि हात खाली घेतला.

"कुणाला हाका मारतोयस?" ताईनं विचारलं.

काकांनी आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मंगळवारचं पांढरं प्लास्टर अजून तिथे होतं, ओलं.

"कुणाला नाही," ते म्हणाले आणि परातीतली एक शेंग उचलून सोलू लागले.